बर्फाच्या काठाशी बूट

बुटाच्या नाडीची गाठ – तेवढीच ओळखीची. जाळ्याच्या दोरीला मारतात तशी, ओढली की घट्ट, शेपूट खेचलं की मोकळी. बाकी बूट लेकीने, मेगनने घेतलेले, पाठीवरची पिशवी मेगनची, आणि ही दरी तर... ही कुणाची म्हणावी? वॉल्टर वाकून गाठ चाचपत राहिला, कारण मान वर केली की दोन्हीकडचे डोंगर अंगावर येत. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या माणसाची नजर आडवी जाते, पाणी संपेल तिथवर. इथे सगळं उभंच करून ठेवलेलं.

"पप्पा, चला ना. ऊन वाढलं की ओढ्याला पाणी वाढतं," मेगन पुढून ओरडली. मोठ्या पाठपिशव्या तंबूत ठेवून बापलेक पहाटेच निघाले होते – हिमनदीच्या तोंडाशी जायचं आणि जेवायला परत.

"येतो गो. पाय हायत, इंजिन न्हाय."

पोरगी हसली. हसू दे. मासेमारी बंदीत बाप घरात नुसता भिंतीकडे बघत बसतो, म्हणून तिने त्याला हिमालयात आणलं होतं. भिंतच बघायची तर मोठी बघा, असं म्हणाली होती लबाड.

तिकडे उत्तनला होडी ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षीच्या वादळात एका लाटेने वॉल्टरच्या धाकट्या भावाला, एल्टनला, होडीवरून उचलून नेलं – त्याच्या डोळ्यांदेखत, हाताच्या अंतरावरून. शरीर मिळालं नाही. चर्चमागे क्रूस आहे, क्रूसाखाली नुसती माती. त्यानंतर वॉल्टर, इतक्या वर्षांचा तांडेल, होडीचा म्होरक्या, होडीवर चढलाच नाही. खलाशांनीच उरलेला सीझन कसाबसा ओढला. निघताना बायको, गर्ट्रूड, डबा भरत म्हणाली होती, "ऑगस्टात होडी लोटाची. तू चढणार का न्हाय, तेवढं येताना सांग." रागाने नाही. कालवणात मीठ बरोबर आहे का विचारावं, तशा आवाजात... म्हणूनच ते विचारणं इथवर मागे मागे आलं होतं.

दगडांमधून वाट चढत होती. बाजूचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, आणि एवढं जोरात की मेगनची पुढची हाक त्याला कळलीच नाही. मग वळण संपलं.

"देवा..."

बर्फ काय असतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. फॅक्टरीतून लाद्या यायच्या, मासळी टिकावी म्हणून फोडून होडीच्या पोटात भरायच्या. बर्फ आहे तोवर समुद्र आपला, संपत आला की तोंड घराकडे. लाद्या फोडताना एल्टन गायचा, बेसूर, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा. आणि इथे – दरी काठोकाठ भरून, वर ढगात शिरलेला, मातीने मळलेला, भेगांतून निळा – बर्फ. एवढ्या बर्फावर माणूस किती दिवस समुद्रात राहील? परत फिरायची वेळच येणार नाही... आत खोलवर काहीतरी कडाडलं. वॉल्टरने शेजारचा दगड धरला, डोलकाठी धरावी तसा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसावंसं त्याला वाटलं नाही.

"हे पाणी जातं कुठं?" त्याने विचारलं.

"गंगेला. मग समुद्रात. आपल्या नाही हां, पलीकडच्या."

"समुद्र एकच हाय, बाय."

मेगन पाण्याकडे बघत राहिली. तिलाही काका आठवला असणार.

तो बर्फाच्या काठाशी गेला. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"पप्पा! शूज का काढले? पाय गोठतील ना!"

त्याने खाली पाहिलं. बूट दगडावर नीट जोडीने ठेवलेले, मोजे आत कोंबलेले, गाठी सुटलेल्या. कपाळ ओलं होतं. होडीवर चढताना पायताण काठाशी काढायचं, पाण्यात बोटं बुडवून कपाळाला लावायची, मग पाय टाकायचा – बापाने दोघा भावांना एकाच दिवशी शिकवलेलं. पण इथे कुठली होडी? मी कधी काढले बूट? मी तर अजून काहीच ठरवलं नव्हतं, गर्ट्रूड. उजवा पाय बर्फावर होता, तळवा भाजत होता. छातीत भीती होती, होती तशीच, जराही कमी नाही. फक्त आता तीही त्याच्याबरोबर काठाशी अनवाणी उभी होती.

"घाला ना आधी ते."

"घालतो. थांब जरा," तो म्हणाला, आणि दुसरा पायही बर्फावर टाकायला उचलला.