फक्कीची आफ्रिका

"गंगे, हलू नकोस. तू काँगो आहेस."

कबड्डीच्या मैदानावर सोपान मास्तरांनी फक्कीनं आफ्रिका आखली होती आणि तिच्या आतबाहेर अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, चौदा पोरं उभी होती. परीक्षा तीन आठवड्यांवर आली, तरी युरोपातल्या कुणी आफ्रिकेतला कुठला मुलूख बळकावला हे एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं. मग मास्तरांना ही युक्ती सुचली. निम्मी पोरं युरोप, निम्मी आफ्रिका. झेंडा घेऊन रेघ ओलांडायची आणि आपल्या वाट्याच्या देशाच्या खांद्यावर हात ठेवायचा. काँगो बेल्जियमचा. आणि बेल्जियम झाला होता हौशीराम. त्याच्याच बापाच्या रानात गंगीचा बाप गेणू राबायचा.

हौशीरामनं खांद्याला हात लावलाच नाही. वेणी धरून त्यानं गंगीला अर्धं मैदान फरफटत नेलं. "चल गं काँगो, आमचं रान खुरपाया!"

पोरं पोट धरधरून हसली. मास्तरही हसले. काय म्हणावं या माणसाला! लाज वाटायची सोडून त्यांना वाटलं, झकास, आता जन्मात विसरणार नाहीत.

गंगीनं वेणी सोडवून घेतली. "सर, तवा काँगोतली मानसं काय म्हनली?"

"ते पुस्तकात नाही. पुस्तकात नाही ते परीक्षेला येत नाही."

त्या दिवसापासून तिला गंगी म्हणून कुणी हाक मारीना. वर्गात, पाणवठ्यावर, एसटीत, जिथं तिथं काँगो. तिनं सगळं मुकाट गिळलं. डोंगरावरच्या वाडीतून रोज दोन तास उतरून शाळेला येणारी ती पहिलीच पोर. पास झाली तर पुण्यात नर्सिंगला जागा मिळणार होती. नाही झाली तर पवनेच्या धरणावर पाट्या वाहायच्या, हे घरात ठरलेलं. अडलेलं मास्तरांचंही होतं. जूनमध्ये ते नोकरीत कायम व्हायचे होते आणि वरच्या साहेबांचं त्यांच्यावर बारीक लक्ष होतं.

इतिहासाच्या पेपराला मास्तर लोणावळ्याच्या केंद्राबाहेर झाडाखाली बसून राहिले. अर्ध्या तासातच शिपाई त्यांना बोलवायला आला.

आत केंद्रप्रमुखांच्या टेबलापाशी गंगी उभी होती. तिची उत्तरपत्रिका काढून घेतलेली. झालं होतं असं, की चौथा प्रश्न नेमका काँगोचाच निघाला आणि तो वाचताच तेराच्या तेरा पोरं तिच्याकडं वळून "काँगो, काँगो" करत खिदळली. पर्यवेक्षकाला वाटलं, ही पोरगी सगळ्यांना उत्तरं पुरवतेय.

केंद्रप्रमुख म्हणाले, "मास्तर, ही म्हणते ते तिचं टोपणनाव आहे, तुमच्या शिकवण्यातून पडलेलं. खरं असेल तर तसं लेखी द्या. कागद वर जाईल, पण हिला मी आत्ता परत बसवतो. खोटं असेल तर हा खुणेचा शब्द धरावा लागेल, आणि मग हिची परीक्षा इथंच संपली."

दोन ओळी लिहायच्या होत्या. दोनच! पण पोरीची वेणी ओढवून इतिहास शिकवतात, हे वर कळलं तर जून कसला नि कायम कसलं?

"आमच्या वर्गात असं कुणी कुणाला म्हणत नाही, साहेब," मास्तर म्हणाले. गंगीकडं बघायची त्यांची छाती झाली नाही.

फाटकाशी गेणू ताटकळत होता. कामाला खाडा करून तो लेकीच्या सोबतीला आला होता. दोघांना येताना बघून तो हरखून पुढं झाला. "लय बिगीनं उरकलं की वो हिचं! जमलं न्हवं, गुर्जी?"

गंगीच बोलली.

"व्हय बा. सरांनी शिकिवलं त्येच आलं व्हतं."

गेणूनं मुंडासं उतरवलं आणि भर रस्त्यात मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तर खांबासारखे उभे राहिले. शेवटी गंगीनंच बापाला दंडाला धरून उठवलं, मुंडासं झटकून त्याच्या हातात दिलं, आणि दोघं वाडीच्या वाटेला लागली.