खुर्चीचा सांधा

आमच्या घरात ‘डुगडुगते’ ही शिवी आहे. यांनी उभा जन्म खुर्च्या केल्या, पण तक्रार म्हणून एकही परत आली नाही. सांधा असा, की पाय मोडेल पण सांधा सुटणार नाही. शेवटी त्या घट्टपणानंच घात केला.

अर्धांगाचा झटका आला आणि यांचा डावा हात अधू झाला. दंड हलतो, मनगट कसंबसं वळतं, बोटं मिटत नाहीत. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीनं सुचवलं, सिगारच्या रिकाम्या लाकडी पेटीला दांडी लावून तीन तारांची गिटार करतात म्हणे. तारा बोटांनी दाबायला नकोत, बोटात नळी अडकवून वरून नुसती सरकवायची. कितीतरी महिन्यांनी यांचा चेहरा उजळला. पण बोलले काय? “वाजली तर वाजली. नाहीतर हत्यारं धाकट्याला देऊन टाकू.” धाकटा म्हणजे माझे दीर, तेही सुतारच. त्यांना रविवारी यायला सांगूनही टाकलं. हत्यारं गेली की हा माणूस पलंगावरून उठायचा नाही, हे मी ओळखून होते.

हे सांगायचे, मी धरायचे. दांडी झाकणाच्या खालून पेटीच्या आरपार गेली. यांनी ती झाकणाला सरसानं पक्की चिकटवून घेतली. दांडीवरची पट्टी, जिच्यावर नळी फिरायची, तीही झाकणावर निम्म्यापर्यंत आणून चिकटवली. सरस धरेपर्यंत दाबून ठेवायला मी शिकंजे आवळले.

“आता हत्ती बसू दे,” म्हणाले.

हत्ती बसलाही असता. आवाज मात्र येईना. तार छेडली की दार ठोठावल्यासारखं नुसतं ठक्. पुन्हा ठक्.

“संपलं,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मला रडू नाही आलं, राग आला. पेटी उचलून झाकणावर टिचक्या मारल्या. कडेला घुमत होतं. मधे, दांडीवर, मुकं.

“अहो, उठा. मधे जीवच नाही हिच्यात. तुम्ही गिटारची खुर्ची केलीत!”

हे उठून बसले, स्वतः टिचकी मारून पाहिली.

“झाकण मोकळं पाहिजे,” हळूच म्हणाले. “सांधा फक्त पेटीच्या कडेशी. पुढे दांडी झाकणाला शिवता कामा नये.” जन्मभर फटी बुजवलेल्या माणसाला मुद्दाम फट ठेवा म्हणणं किती जड गेलं, ते मला दिसलं.

गरम सुरीनं सरस मऊ करून झाकण सोडवलं. पट्टी पेटीच्या कडेपाशी कापली. मग दांडी तासायला घेतली. पटाशी यांनी धरायची, हातोडी मी मारायची. एकदा ती यांच्या अंगठ्यावरच बसली.

“धाकट्याला सामील आहेस की काय?” कळवळत म्हणाले. दांडी आणि झाकण यांच्यामधून आगकाडी सहज सरकली, तेव्हाच आम्ही थांबलो.

रविवारी दीर पोतं घेऊन आले. यांनी गिटार मांडीवर घेतली. नळी तारेवर टेकली. मी सवयीनं यांचं मनगट धरायला गेले.

“हात काढ.”

काढला. यांनी तार छेडली. सूर घुमला, नळीबरोबर चढला, जरा घसरला, तरी खोलीत रेंगाळत राहिला. माझे डोळे भरून आले.

“मग, हत्यारं?” दिरांनी चाचरत विचारलं.

“पटाशी राहू दे. करवत राहू दे.” हे थांबले. “मोठा रंधा ने. त्याला दोन हात लागतात.”

दिरांनी रंधा उचलला.

“भावजी, ठेवा तो खाली. दुसरा हात माझा,” मी म्हटलं.

“तुला जमायचं नाही,” हे म्हणाले. “खुर्ची डुगडुगेल.”

“डुगडुगू दे.”

हे भावाला म्हणाले, “ठेव.”