भर धक्क्यावर

आमच्या बंदरात मोठी जहाजं येत नाहीत. हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या, बदकासारख्या दिसणाऱ्या पायडलच्या बोटी आणि पर्यटकांना दीपगृहापर्यंत फिरवून आणणारी आमची निळी बोट. किनाऱ्यावर मत्स्यालय, आकाशपाळणा, आइस्क्रीमची गाडी. लोक दिवसभर मजा करतात आणि मी दिवसभर ओरडते. बोट आली की धक्क्यावर उभं राहून दोर झेलायचा, लोखंडी खुंट्याला वेढा घालायचा आणि उतरणाऱ्यांना "अहो, आधी पाय, मग फोटो!" असं दटावायचं, हे माझं काम. सगळं बंदर मला दोरवाली म्हणतं. म्हणू दे.

निळी बोट माझा भाऊ चालवायचा. त्याची नजर अधू झाली तेव्हा मालक म्हणाला, आता बाहेरचा माणूस आणतो. माझी लेक ताडकन म्हणाली, "कशाला? मी आहे की!" मामाच्या शेजारी सुकाणूला लटकूनच ती मोठी झालेली. मालकाने सांगितलं, परवाना मिळाला तर बोट तू चालव, नाही तर सोमवारी नवा माणूस येईल. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना.

परीक्षेच्या सकाळी वारा असा सुटला की आकाशपाळणा बंद ठेवावा लागला. त्यातून वाहत होता तो धक्क्याकडून पाण्याकडे, म्हणजे बोट कडेला लावायला सगळ्यात वाईट. परीक्षक साहेब एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बोटीत चढले.

इथे एक सांगून ठेवते. दोर झेलणाऱ्याने तो ओढायचा नसतो. एक वेढा घालून नुसता धरायचा. बोट कडेला आणायचं काम इंजिनाचं आणि सुकाणूचं. ओढलात की बोटीचं तोंड आत येतं आणि ढुंगण बाहेर जातं. एखाद्या पर्यटकाने हौसेने दोर ओढलाच, तर मी त्याची अशी हजेरी घेते की बिचारा मत्स्यालयात जाऊन लपतो.

दीपगृहाला वळसा घालून लेक परत आली. तिरकी, सावकाश, अगदी मामासारखी. एक हात सुकाणूवर, दुसऱ्याने दोर फेकला. मी झेलला, वेढा घातला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि बोट लांब सरकायला लागली. गेली, पोरीची बोट गेली! आणि मी, जन्मभर दुसऱ्यांना शिव्या घालणारी मी, दोन्ही पाय रोवून दोर ओढायला लागले.

व्हायचं तेच झालं. तोंड धाडकन धक्क्यावर आपटलं आणि मागची बाजू गर्रकन फिरून शेजारच्या पांढऱ्या होडीवर आदळायला निघाली. आइस्क्रीमवाला गाडी सोडून ओरडत आला, "अगं, अजून जोरात ओढ!" धक्क्यावर उभ्या भावाने कपाळाला हात लावला.

"दोरवाली! दोर सोड!"

लेकीचा आवाज होता. आई नाही, काही नाही, थेट दोरवाली! माझ्याशी या आवाजात बोलायची आजवर कुणाची टाप नव्हती. दोर माझ्या हातातून आपोआप सुटला.

तिने बोट मागे घेतली, पांढऱ्या होडीला जेमतेम चुकवून बाहेर काढली, लांबून वळसा घातला आणि पुन्हा आली. दोर परत माझ्याकडेच फेकला. मी वेढा घातला आणि उभी राहिले. हात नुसते शिवशिवत होते, पण नाही ओढला. तिने सुकाणू फिरवलं, इंजिनाला हलकासा जोर दिला, आणि बोट अलगद धक्क्याला टेकली.

साहेब उतरले. "पहिल्या वेळी काय चुकलं?"

मी तोंड उघडणार, तोच लेकीने माझ्यावर डोळे वटारले. "निघण्याआधी दोर धरणाऱ्याला बजावायला हवं होतं," ती म्हणाली. "बोट माझ्या हातात होती. चूक माझी."

"मग दुसऱ्यांदाही त्यांच्याकडेच का फेकलात?"

"यांच्यासारखा वेढा इथे कुणी घालत नाही, साहेब. फक्त यांना कुणीतरी सांगावं लागतं."

"तुमच्या कोण या?"

"आई."

साहेबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि पहिल्यांदाच हसले. "आईला ओरडलात? मग पर्यटकांची काळजी नको," म्हणाले आणि तिचा हात हातात घेऊन हलवला. पास! भाऊ तर लहान मुलासारखा रडायला लागला.

मला वाटलं, आता पोर गळ्यात पडेल. कसलं काय! ती बोटीचं आपटलेलं तोंड तपासायला वाकली होती.

त्या दिवशी बंदरावर आलेल्या एकालाही मी सोडलं नाही. तिकीट काढणाऱ्याला सांगितलं, फोटो काढणाऱ्याला सांगितलं, पायडल मारणाऱ्यांना काठावरून ओरडून सांगितलं. आइस्क्रीमवाला वैतागला. "अगं बाई, चारचौघांत लेक ओरडली, हे माणसं झाकून ठेवतात!"

"झाकायचं कशाला?" मी म्हटलं. "माझ्यावर ओरडली ती, माझ्यावर! आणि मी ऐकलं."