दुखण्याचं नाव

वैष्णवीच्या पोटातून आवाज येतो, हे आधी मला ऐकू आलं. पाच महिन्यांचं लेकरू. दोन दिवस मी तिच्या पोटाला कान लावून काढले आणि तिसऱ्या दिवशी बसने नांदुऱ्याला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, कागदावर 'बोर्बोरिग्मस' लिहिलं आणि म्हणाले, "औषध नको." परतीच्या बसमध्ये मोबाइलवर शब्द शोधला आणि एकटीच हसत बसले.

घरी आले तर ओसरीवर गावात बिब्बा घालणारे पुंजाजीबाबा. बातमी ऐकून आपणच आलेले. दिवा लावलेला, सुईला बिब्बा टोचलेला. तापलेल्या बिब्ब्याच्या तेलाने वैष्णवीच्या पोटावर फुली काढायची होती. गेल्या वर्षी नणंदेच्या मुलाला असाच बिब्बा उतून फोड आले होते. डाग अजून गेला नाही.

बाबांना नाही म्हणायची घरात कुणाची टाप नाही. पण त्यांचा नेम सगळ्या गावाला माहीत आहे: दुखण्याचं नाव तीनदा, न अडखळता घेतल्याशिवाय ते बिब्बा टेकवत नाहीत.

"काय झालं म्हणते डॉक्टर पोरीले?"

"बोर्बोरिग्मस," मी म्हणाले.

"हे कुठलं?"

"मूळ ग्रीक लोकांकडचं आहे, बाबा."

"इतक्या दुरून आलं?" त्यांनी घसा साफ केला. "बोरबो... बोरबोरीमस."

"मधला ग राहिला, बाबा." मी पदर सावरून, अगदी नम्रपणे.

"बोरं... बोरंगी..."

"बोरं नाही खाल्ली हो तिनं," सासूबाई म्हणाल्या.

पाचव्या खेपेला वैष्णवी खळखळून हसायला लागली. बाबांनी दिवा विझवला, नाव माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि टोपीत खोचलं. "मंगळवारी येतो."

ते गेल्यावर सासूबाईंनी दार लोटलं. "आता खरं सांग. काय असते ते?"

"पोटातली गुडगुड. ग्रीकांना पोटाचा आवाज जसा ऐकू आला, तसाच त्यांनी शब्द केला."

"म्हंजे आपल्या गुडगुडीसारखंच."

"हो."

"मंग एवढ्यासाठी बसचं तिकीट काऊन काढलं? मले विचारलं असतं."

 त्यांनी बाबांचा राहिलेला बिब्बा फडक्यात बांधून उंच फळीवर टाकला, नातीच्या पोटाला कान लावला आणि तसंच वाकून म्हणाल्या, "दुसरं एखादं नाव पाहून ठेव. हे मंगळवारपर्यंत त्यायले पाठ होईन. चांगलं लांबलचक पाहजो."