एक्क्याण्णव टक्के ललित कला

सोमवारी सकाळी रेणुका मॅडम स्टाफरूममध्ये शिरल्या तेव्हा मुख्याध्यापक शेषराव सर खिडकीतून तंबाखू थुंकत होते. खिडकीखालची भिंत तपकिरी झाली होती आणि त्याच भिंतीवर 'स्वच्छ शाळा, सुंदर शाळा' असं रंगवलेलं होतं. अकरा वर्षं मॅडम हे बघत होत्या. एवढ्या वर्षांत माणसाला कशाचीही सवय व्हावी, पण त्यांना रोज नव्याने किळस यायची, आणि ती गिळून त्या रोज नव्याने 'नमस्कार सर' म्हणायच्या.

"मॅडम, तालुक्यात पह्यले आलो आपण!" सरांनी तोंड पुसलं. "कल चाचणी शंभर टक्के. शनिवारी मोताळ्याले सत्कार हाये. चांगली साडी नेसून या, फोटो निघते."

शंभर टक्के कसे झाले ते या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

आठवीच्या पोरांना नववीत विषय निवडायचे असतात. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र सगळ्यांनाच, पण या शाळेत पुढे दोन वाटा फुटायच्या. 'अ' तुकडीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. 'ब' तुकडीत सगळं मराठीतून, आणि जोडीला शिवणकाम किंवा वायरमनचं काम. मराठीतून शिकण्यात वाईट काहीच नव्हतं, वाईट होतं ते 'ब' मध्ये कोणी शिकवतच नाही हे. त्या तुकडीच्या वर्गावर सर लोक सह्या करायला जायचे. तिथून पुढे अकरावी सायन्सला गेलेलं पोर मॅडमनी आजवर एकच पाहिलं होतं.

तर कोणाला काय आवडतं हे कळावं म्हणून मोबाइलवरची ही चाचणी. एकशे चाळीस वाक्यं. प्रत्येकासमोर 'खूप आवडते'पासून 'अजिबात आवडत नाही'पर्यंतचे गोल, त्यातला एक दाबायचा. जानेवारीत आदेश आला, दोन दिवसांची मुदत. शाळेत रेंज फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर, पोरांकडे फोन नाहीत. "मुलायले काय समजते मॅडम? तुमीच भरून टाका," सर म्हणाले. आणि मॅडमनी भरून टाकली.

पहिल्या पोराची पहिली चार-पाच वाक्यं नीट वाचून, ते पोरगं डोळ्यांपुढे आणून भरली. मग मान दुखायला लागली. मग कोणीतरी भाजलेल्या शेंगा आणल्या. उजव्या हातात शेंगा घेतल्या की डाव्या अंगठ्याने प्रत्येक चाचणीच्या अर्ध्यापर्यंत डावीकडचे गोल दाबायचे, अंगठा अवघडला की हात बदलायचा आणि उरलेले उजवीकडचे दाबायचे. वाक्यं वाचायची गरजच उरली नाही; पाठवायला तेवढं जिन्यावर जायचं. दुसऱ्या दिवशी साडेचारला त्रेचाळीस पोरांचा कल निघाला होता आणि टेबलावर टरफलांचा ढीग पडला होता.

सरांनी प्रार्थनेच्या वेळी पोरांना सांगून टाकलं की कॉम्प्युटरनं तुमचे मागचे सगळे मार्क पाहून तुमचा कल काढला आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या.

"अहवाल आले का सर?" मॅडमनी विचारलं.

"शनिवारीच आले, तुमी सुट्टीवर होत्या. गठ्ठा तुमच्या कपाटात टाकला, दुसऱ्या किल्लीनं. एकच देला, पुंजाजी मिस्त्रीले. तो आल्ता फॉर्म न्यायले."

पुंजाजी शाळेच्या कोणत्याही कामाला पहिल्या दिवशी हजर असायचा. गवंडी माणूस. बुद्धविहाराच्या पायऱ्या त्याने एक पैसा न घेता बांधल्या होत्या. त्याची मंजुश्री आठवीतली. गणिताच्या तासाला फळ्यावरचं उदाहरण पुरं लिहून होण्याआधी तिचा हात वर असायचा, आणि मॅडमची चूक झाली तर चिडवल्यासारखं न करता सांगायची. 'अ' तुकडीच्या यादीत तिचं नाव मॅडमनी पहिलं लिहिलं होतं.

बोलाफुलाला गाठ पडावी तसा पुंजाजी दारात उभा राहिला. मागे मंजुश्री. त्याने चपला बाहेर काढल्या, खिशातून एक अर्ज काढला आणि पिशवीतून एक कागद. कागद मोताळ्याहून लॅमिनेशन करून आणलेला होता.

"मॅडम, पोरीचं नाव 'ब' तुकडीत टाका. शिवणकामाले."

"काऊन?" मॅडमच्या तोंडून चिखलीची माहेरची भाषा निसटली. "तिला तर तुम्ही इंजिनिअर करणार होता ना?"

"म्या करणार होतो. तिचं कोणी इचारलंच नव्हतं." पुंजाजीने कागद दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. "हे पाहा. ललित कला एक्क्याण्णव टक्के. गणित, यंत्र, विज्ञान, सारं अकरा. आठ वर्सं म्या पोरीच्या मनाविरुद्ध तिच्या मागं लागलो मॅडम. सरकारनं डोळे उघडले. आता तिले आवडीन तेच शिकवाचं."

इतकं चांगलं बोलणारा बाप मॅडमनी त्या शाळेत पाहिला नव्हता, आणि तो चांगला होता म्हणूनच त्यांना तिथे उभं राहवेना.

"मंजुश्री, तुला गणित आवडत नाही?"

पोरीने मान खाली घातली. "मले वाटे आवडते म्हणून," ती म्हणाली. "पण कागदात नाही आलं."

हे ऐकलं आणि मॅडमना शेंगांची चव आठवली, खवट, घशाशी आलेली. त्यांचा स्वतःचा हर्षल बुलढाण्याच्या शाळेत आठवीतच होता. त्याची अशीच चाचणी होती तेव्हा त्या दोन तास शेजारी बसल्या होत्या. 'घाई करू नकोस रे, प्रश्न नीट वाच, तुझ्या आयुष्याचा सवाल आहे,' असं दर पाच मिनिटांनी म्हणत होत्या.

"पुंजाजीभाऊ, हा कागद खोटा आहे. मंजुश्रीने ही चाचणी दिलीच नाही. मी भरली, इथं बसून, न वाचता."

शेषराव सरांच्या हातातली चुन्याची डबी थांबली.

पुंजाजी मात्र हसला. "मॅडम, तुमचा जीव हाये पोरीवर, मले मालूम हाये. पण तिच्यासाठी असं खोटं नका बोलू. सरकारचा कागद हाये हा, शिक्का हाये त्याच्यावर."

"तेच म्हणतो मी!" सरांनी लगेच धागा पकडला. "मॅडमले लळा हाये पोरीचा. माणूस भावनेत बोलून जाते. आणा तो अर्ज इकडे, सही करतो."

सुटले, असं क्षणभर मॅडमच्या मनात आलंच. खरं सांगून झालं होतं, समोरच्याने मानलं नव्हतं, आता यात त्यांचा काय दोष? शनिवारचा सत्कार, नेसायची साडी, सगळं जागच्या जागी राहणार होतं. त्या सुटकेची त्यांना जितकी घाण वाटली तितकी खिडकीखालच्या भिंतीचीही कधी वाटली नव्हती.

त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

"मॅडम, ते गोपनीय असते," सर उठले. "शोभते का हे तुमाले? शाळेची इज्जत..."

"बसा सर," मॅडम म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या.

गठ्ठ्यातले कागद त्या पुंजाजीसमोर एकेक मांडत गेल्या. अश्वजित, ललित कला एक्क्याण्णव, गणित अकरा. पुष्पांजली, एक्क्याण्णव, अकरा. ऋत्विक, एक्क्याण्णव, अकरा. सिमेंटने भेगाळलेलं बोट एकेका आकड्यावरून सरकत होतं. ओळंबा लावून भिंत तपासावी तसा तो प्रत्येक ओळ तपासत होता. विसाव्या कागदाशी बोट थांबलं.

"सारेच कलाकार," तो हळूच म्हणाला.

मॅडम वाट बघत होत्या. त्याने ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, गावात जाऊन बोभाटा करावा. त्याने त्यातलं काहीच केलं नाही. अर्जाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. "राहू द्या 'अ' मध्येच," तो म्हणाला. मग पहिल्यांदा त्याने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "माह्यी पोरगी तुमाले आवडते म्हणता ना मॅडम? निदान तिचं तरी वाचून भरलं असतं."

सर घसा खाकरत खिडकीशी गेले आणि थुंकले.

"चाल माय," पुंजाजीने चपला घातल्या. पण मंजुश्री हलली नाही. तिने दप्तरातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"मॅडम, प्रश्न कोणते होते? तुमी सांगा, माही उत्तरं मी इथंच लिहितो. कागदावर तं एकशे चाळीसच लिहेल हायेत ना?"

रेणुका मॅडमनी तोंड उघडलं. त्रेचाळीस वेळा ती चाचणी त्यांच्या हाताखालून गेली होती. मंजुश्रीने पानावर एकचा आकडा लिहिला, त्याला गोल केला आणि ती मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. मॅडमना एकही प्रश्न आठवत नव्हता.