आडव्या फळीला मिळाली शेवटची खुर्ची

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. पण कपाटातली नव्हे, डोंगरावरून धावणारी. सारं जग मला स्नोबोर्ड म्हणतं. होनोसावा गावात मात्र कित्येक वर्षं माझं नाव काढायचीही चोरी होती. तरी आज माझी मान ताठ आहे. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण मग माझी करणार कोण?

माझा जन्म एका झाडातून झाला. आमच्या निइगाता प्रांतात घरात मुलगी आली की परसात किरीचं झाड लावायची जुनी रीत. किरी भराभर वाढतं. लाकूड हलकं, ओल न धरणारं. मुलगी लग्नाची होईपर्यंत झाडही कपाटाजोगतं होतं, मग त्याचं कपाट करतात आणि ते तिच्या किमोनोंसह सासरी जातं. इसाकु यांना लेक झाली, चिगुसा, तेव्हा त्यांनीही झाड लावलं. उन्हाळ्यात पाणी घातलं. हिवाळ्यात फांद्या मोडू नयेत म्हणून बांबूच्या खराट्याने बर्फ झाडला. तो खराटा मला अजून आठवतो.

चिगुसाचं लग्न ठरलं, झाड तोडलं, सुताराने कपाट केलं. काही पट्ट्या उरल्या. चिगुसाला तेव्हा शहरात नवंच वेड लागलं होतं. ती सुताराकडे जाऊन हळूच म्हणाली, "काका, या पट्ट्यांची मला बर्फावरची फळी करून द्या. आणि बाबांना एवढ्यात सांगू नका."

"अगं, कपाट सासरी जाईल. ही फळी कुठे जाणार?"

"डोंगरावर!"

सुतार हसला. त्याचा भाऊ स्की बनवायच्या कारखान्यात होता. दोघांनी मिळून किरीच्या पट्ट्या जोडल्या, वरखाली काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवलं, पोलादी कडा बसवल्या, आणि माझ्या पाठीवर निळा रंग चढवला. अशी मी झाले. ते कपाट माझं थोरलं भावंड, पण त्याने आयुष्यात घरातली भिंत तेवढी पाहिली.

त्याच हिवाळ्यात चिगुसा मला मोठ्या हौसेने होनोसावाला घेऊन गेली. गावाचा स्वतःचा छोटा डोंगर आहे, दोरावर लटकणाऱ्या खुर्च्यांची एकुलती एक लिफ्ट आहे, आणि त्या लिफ्टचे राखणदार होते इसाकु. माणूस बसायच्या आधी प्रत्येक खुर्चीवरचा बर्फ खराट्याने झाडायचा, हे त्यांचं काम. त्यांनी पुढच्या माणसाची खुर्ची झाडली. मग लेकीच्या पायाखालची मी त्यांना दिसले, आणि खराटा आडवा झाला.

"हे इथे चालणार नाही."

"बाबा, एकदाच जाऊ द्या ना."

"डोंगर उतरायचा तर तोंड समोर ठेवून उतरावं. खेकड्यासारखं आडवं काय उतरायचं? तुम्ही आडवी माणसं वाटेच्या मध्ये फतकल मारता आणि बर्फाचं पार खरवडून वाटोळं करता. मी लिफ्टवर आहे तोवर इथे आडवं माणूस चढणार नाही."

रांगेतले गावकरी हसले. चिगुसाचे कान लाल झाले. "मग मीही या डोंगरावर पाय ठेवणार नाही," ती म्हणाली आणि मला काखेत मारून पायी परत फिरली. जे सांगायला ती आली होती, की फळी आपल्याच किरीची आहे, ते तिच्या ओठांवरच राहिलं.

बाप तसा, लेक अशी. शब्द दिला की दगडावरची रेघ. नव्या वर्षाला ती माहेरी जायची, बापासमोर बसून मोची नावाचे तांदळाचे गरम उंडे खायची, हसायची, बोलायची. डोंगराचा विषय मात्र दोघंही काढत नसत. मी बाहेर गाडीच्या डिकीत पडून असायची आणि तिथूनच परसातल्या रिकाम्या जागेकडे पाहायची. मला फार वाईट वाटायचं.

बाकी माझे दिवस सुखाचे गेले. कितीतरी डोंगर मी पालथे घातले. चिगुसा मला कोरडं करायची, मेण चोळायची, कडांना धार लावायची. पुढे मुलं झाली, नोकरी आली, गुडघा दुखू लागला. मग मी गॅरेजमध्ये सायकलींच्या मागे गेले. कडांवर गंज चढला. टोकाचा रंग उडाला आणि आतलं लाकूड उघडं पडलं. दोन हिवाळे कोणी हात लावला नाही, तेव्हा मी समजले, आपलं संपलं.

पण मित्रांनो, एका संध्याकाळी फोन वाजला. चिगुसाची आई बोलत होती. इतकी मोठ्याने, की गॅरेजपर्यंत ऐकू यावं.

"रविवारी तुझ्या बाबांचा लिफ्टवरचा शेवटचा दिवस आहे हो. पाय थकले त्यांचे. आणि गावाने यंदापासून फळीवाल्यांना परवानगी दिलीय. आलं मात्र कोणी नाही. हे मिरवत असतात, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' म्हणून. मी तुला काही सुचवत नाहीये. नुसतं सांगतेय."

चिगुसा "बरं" म्हणाली आणि तडक गॅरेजमध्ये आली. तिने सायकली बाजूला केल्या, माझा गंज घासला, गरम मेण चोळलं. लाडात आल्यासारखी मी चकाकले!

आता अडचण एकच होती. रविवारची एका दिवसाची सहल तिने मैत्रिणीसोबत आधीच ठरवली होती. मैत्रीण म्हणजे नामिए. गाडी तिची, आवाजही तिचाच. ती डोंगर निवडते तो पायथ्याला खायला काय मिळतं त्यावरून. तिने एक मोठा, नावाजलेला डोंगर निवडला होता. वर न्यायला दोरावरचे काचेचे बंद पाळणे, खाली लांबलचक उपाहारगृह. नाव सांगत नाही, त्याला वाईट वाटेल. चिगुसाला काही तोंड उघडून बोलवेना. बापाने पुन्हा खराटा आडवा धरला तर? तेही मैत्रिणीसमोर?

रविवारी पहाटे निघाल्या. मी मागच्या सीटवर होते. बर्फ पडत होता, आणि काय पडत होता! वारा नाही, आवाज नाही, सरळ खाली, कापूस पिंजल्यासारखा. रस्त्याच्या मधोमध पाणी उडवून बर्फ वितळवणाऱ्या नळ्यांनीही हात टेकले होते.

"इथे खाली एवढा आहे, तर वर किती असेल!" नामिए स्टिअरिंगवर थाप मारत म्हणाली. "उंच डोंगर म्हणजे जास्त बर्फ. साधा हिशेब आहे."

मित्रांनो, इथेच शहरातली सगळी माणसं फसतात. आमच्याकडे बर्फाचे दोन प्रकार. एक डोंगराचा, एक गावाचा. जोराचा वारा सुटला की ढग थेट उंच पर्वतांवर जाऊन रिकामे होतात. वारा पडला आणि समुद्रावर वरची हवा गारठली, की तेच ढग किनाऱ्याकडच्या सखल गावांवरच बसकण मारतात. मग गावं गाडली जातात आणि उंच डोंगर कोरडे राहतात. इसाकु लहान चिगुसाला खिडकीशी उभं करून सांगायचे, "गाव जेवलं की डोंगर उपाशी."

फाटा आला. डावीकडे मोठा डोंगर, उजवीकडे होनोसावा.

"उजवीकडे घे," चिगुसा म्हणाली.

"उजवीकडे? तिकडे काय आहे?"

"आज गावाचा बर्फ आहे. वारा बघ, पान हलत नाहीये. मोठ्या डोंगरावर आज काही नसणार. होनोसावाला कमरेपर्यंत असेल."

नामिएने गाडी कडेला घेतली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांग. बर्फासाठी जायचंय की बाबांसाठी?"

चिगुसाने काचेबाहेर उजव्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आज त्यांचा शेवटचा दिवस आहे. आज त्यांच्या लिफ्टने चढले नाही, तर कधीच नाही."

"अगं बाई, मग हे आधी सांगायचं! मला वाऱ्याबिऱ्यातलं काय कळतं? तिथे खायला काय मिळतं तेवढं सांग."

"करी-भात."

"चल तर मग." आणि गाडी उजवीकडे वळली.

होनोसावाचा डोंगर पांढरा धोप होता. एकही रेघ उमटलेली नव्हती. लिफ्टपाशी गावातले तीन-चार म्हातारे स्की लावून उभे होते, आणि खुर्चीपाशी खराटा घेऊन इसाकु. चिगुसाने माझ्यावर पुढचा पाय बांधला आणि सरकत रांगेत लागली. माझी छाती धडधडत होती. फळीला छाती नसते म्हणाल, पण त्या दिवशी होती.

तिची पाळी आली. इसाकुंनी आधी मला पाहिलं, मग लेकीला.

"गुडघा दुखतो म्हणत होतीस ना?"

"आज नाही दुखत."

"वर उतरताना पडलीस तर लिफ्ट थांबवावी लागेल. माझी लिफ्ट आजवर थांबली नाही."

"नाही पडणार, बाबा."

"सगळे असंच म्हणतात," ते पुटपुटले. खराटा उचलला गेला. मी डोळे मिटले. आणि सप् सप् आवाज आला. खुर्ची झाडली गेली होती!

वरून पहिले म्हातारे निघाले. योशिहेई म्हणून त्यांच्यातले सगळ्यात पट्टीचे गृहस्थ. पण बर्फ कमरेइतका आणि त्यांच्या स्की काठीसारख्या अरुंद. थोडं गेले आणि रुतले ते रुतलेच. "अरे, मला कोणी उपटा रे!" ते ओरडत होते आणि बाकीचे हसता हसता स्वतःच रुतत होते.

मग आमची पाळी. चिगुसाने वजन मागच्या पायावर टाकलं, माझं टोक वर आलं, आणि मी तरंगले. मित्रांनो, काय सांगू! आडवं, रुंद असणं हा माझा इतक्या वर्षांचा गुन्हा, तोच त्या दिवशी माझा गुण ठरला. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, बर्फाचे फवारे चिगुसाच्या डोक्यावरून गेले. ती लहान मुलीसारखी किंचाळत होती. योशिहेई कमरेपर्यंत रुतलेल्या अवस्थेत टाळ्या वाजवत म्हणाले, "इसाकु, तुझी पोरगी उडतेय रे!"

आम्ही थेट लिफ्टपाशी येऊन थांबलो. आणि कधी न थांबलेली ती लिफ्ट इसाकुंनी स्वतःच्या हाताने बंद केली. ते आले, वाकले, आणि माझ्यावरचा बर्फ त्याच खराट्याने झाडू लागले. टोकाशी हात थबकला. रंग उडालेल्या जागी त्यांनी बोटाने टकटक केली.

"हे किरी आहे."

"आपल्या परसातलं. कपाटातून उरलेलं. त्या दिवशी तेच सांगायला आले होते."

त्यांनी तळव्याने ते उघडं लाकूड पुसलं. मग म्हणाले, "म्हणजे मी माझ्याच झाडाला अडवलं. तेव्हाच सांगायचं की गं, खुळे."

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं," इसाकु म्हणाले आणि खो खो हसले. डोळे पुसले ते त्यांत बर्फ गेला म्हणून, असं त्यांचं म्हणणं आहे.

दिवसभर आम्ही चढलो आणि उतरलो. नामिएने दोन थाळ्या करी-भात खाल्ला आणि या डोंगरासारखा डोंगर नाही असं जाहीर केलं. उपाशी राहिलेल्या मोठ्या डोंगराची बातमी दुपारी आली, पण पडलेल्याला हसू नये.

आता एवढं लक्षात ठेवा. तुमच्याही घरात कोपऱ्यात कोणी जुनं पडलं असेल. त्याला पुसा, कोरडं करा, गंज चढू देऊ नका. आणि जे सांगायचं ते ओठांवर ठेवू नका. डोंगर थांबतो, पण त्याच्या पायथ्याचा माणूस कायम थांबत नाही.

दिवसाची शेवटची खुर्ची राखणदाराची असते. वर कोणी मागे राहिलं नाही ना, हे पाहून त्याने सगळ्यांच्या शेवटी उतरायचं. इसाकुंनी खराटा नव्या राखणदाराच्या हाती देण्याआधी ती खुर्ची झाडली, दोन्ही बाजूंनी, नीट. मग स्की लावल्या. "ये," ते लेकीला म्हणाले, "आज डोंगर आपण दोघं मिळून बंद करू."

वरून दोघं शेजारी शेजारी निघाले. इसाकु तोंड समोर ठेवून, वाटेकडे बघत. चिगुसा माझ्यावर आडवी उभी होती, म्हणून पायथ्यापर्यंत तिला बापाचा चेहरा दिसत राहिला.