माटोळीतलं कृष्णविवर

आरती चालू असताना तनयाने वर पाहिलं आणि तिच्या हातातले टाळ थांबले. मीही वर पाहिलं. आमचं कृष्णविवर गेलं होतं. त्याच्या जागी हा एवढा काळपट हिरवा भोपळा लोंबत होता.

हे कळायला आधीचं थोडं सांगायला हवं. तनया, माझी मुलगी, तिसरीत आहे. मे महिन्यात तिने कृष्णविवराचा फोटो पाहिला. मधे मिट्ट काळोख आणि भोवती पेटत्या केशरी रंगाचं कडं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना कृष्णविवर, दात घासताना कृष्णविवर. उजेडसुद्धा आत गेला की बाहेर येत नाही, आई! आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एक आहे, चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं, आई!

मला आधी भीतीच वाटली. मी बी.कॉम. झालेली, पण चिंता करायला पदवी लागत नाही. एका दुपारी मी तिला विचारलंच, "ते आपल्याला ओढून घेणार नाही ना गं?"

तिने माझ्याकडे अशी दया आल्यासारखी नजर टाकली. "ते लांब आहे आई. खूप म्हणजे खूप. आणि ते काही व्हॅक्युम क्लीनर आहे का? आपला सूर्य काढून तिथे तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं ना, तरी पृथ्वी फिरतच राहील."

"आणि ऊन?"

"ऊन नसेल," ती म्हणाली. "पण फिरेल."

मग चवथ जवळ आली. आमच्या गावी, पार्शाला, गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छतापासून टांगायची, तिच्यात बांबूच्या बारीक काठ्यांची जाळी, आणि त्या जाळीला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, निरफणस आणि रानातून आणलेली नाना फळं केवणीच्या सालीच्या दोराने लोंबकळवायची. तनया म्हणाली, यंदा माटोळीत कृष्णविवर करायचं. कवंडळं असतात ना, ती केशरी, गोल रानफळं, त्यांचं कडं करायचं आणि मधली जागा रिकामी ठेवायची. कृष्णविवर स्वतः दिसतच नाही, म्हणून रिकामी.

मला कल्पना फार आवडली. आदल्या दिवशी दुपारी, सासूबाई नेवऱ्या तळण्यात गुंतलेल्या असताना, मी आणि तिने ते कडं केलं. कवंडळांचे दोर मी काठ्यांवर सैल फासाने अडकवले, म्हणजे वर्तुळ नीट गोल होईपर्यंत सरकवता येतील. झालं तेव्हा आम्ही दोघी खाली बसून बघत राहिलो. खरंच ते फोटोसारखं दिसत होतं! तनयाने लगेच बाहेर पळत जाऊन वाड्यावरच्या सगळ्या पोरांना सांगितलं, उद्या आमच्याकडे कृष्णविवर बघायला या.

शेजारची गौरवी पायरीवर हात कमरेवर ठेवून उभी राहिली. तिच्याच वर्गात आहे, आणि जिभेला धार. "कृष्णविवर? तुझ्या घरात? थापाडी. मागे म्हणालीस मोप्याच्या विमानतळावरून रॉकेट जाणार."

"ते चुकून म्हटलं होतं!"

"बघूया. नसलं तर तुझं नाव थापाडी. शाळेतसुद्धा."

तनया घरात आली आणि एवढंच म्हणाली, "आई, ते तिथेच राहील ना?"

"राहील गं, कुठे जाणार?" मी म्हटलं.

आणि आता मधे भोपळा.

आरती संपताच कोपऱ्यातून धाकूकाका पुढे आले. माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, दरवर्षी माटोळीची चौकट तेच बांधतात. चेहरा नुसता फुललेला. "सकाळी इलंय तेव्हा बघलंय, माटोळीच्या मदी भोक! म्हटलं, पोरांका काय गावला नाय वाटतां. धावत गेलंय घरा, परसातलो सगळ्यात मोठो भोपळो काढून हाडलो. ह्या घराची माटोळी कधी रिती दिसूची नाय!"

मी म्हटलं, "छान आहे काका." तनयाचे डोळे भरले होते.

मी सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, तो जरा कडेला बांधला तर?

"अगो बाय, पूजा जाली मगे," त्या म्हणाल्या. "देवाक दिलेला विसर्जन होईसर सोडीत नाय. आणि माटोळी रिकामी ठेवतत? खंयची रीत ती?"

प्रज्योत, माझा नवरा, म्हणाला, "पोरं चार वाजता येणार ना? सांगू काहीतरी." काहीतरी म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. आणि माझ्या डोक्यात आता दुसराच घोर. त्या वजनाने बांबूची जाळी मधे चांगलीच वाकली होती. तुटली तर? थेट गणपतीच्या सोंडेवर? नाहीतर एखाद्या पोराच्या डोक्यावर? जेवणं आटोपली, तरी मी भोपळ्यावरची नजर काढली नाही. प्रज्योतला स्टुलावर चढवून भोपळ्याला जाड सुंभाचा आणखी एक दोर घालून तुळईला बांधायला लावला. "जाळी आणखी वाकली की हा धरेल," तो म्हणाला. तरी मी उभीच.

तनया भिंतीला टेकून बसली होती. मग हळूच म्हणाली, "आई, आपलं कडं लहान झालंय."

खरंच झालं होतं. कवंडळं आपापल्या जागी नव्हती. सगळी आत, भोपळ्याकडे आली होती.

"कुणी सरकवली?" तनयाने विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता एक कवंडळ माझ्या डोळ्यांदेखत सरकलं. सैल फास, वाकलेली काठी. आधी हळू, मग भरभर, आणि भोपळ्याला जाऊन टुक!

तनया ताडकन उठली. "आई! आई, मला उचल! एक सुपारी दे!"

मी तिला उचललं. तिने सुपारीचा फास अगदी कडेच्या काठीवर अडकवला आणि सोडला. सुपारी जागेवर थरथरली. मग निघाली. टुक!

"आपलंच चुकलं होतं!" ती माझ्या कानात किंचाळली. "आपण रिकामं ठेवलं! ते रिकामं नसतंच आई, ते सगळ्यात भरलेलं असतं! अख्खा तारा दाबून दाबून आत! इतकं जड की आजूबाजूची जागाच वाकते! बघ ना, काठ्या बघ! धाकूआजोबांनी बरोब्बर बांधलं!"

धाकूकाकांना कशाची शाबासकी मिळते आहे ते कळलं नाही, पण त्यांनी ती घेतली. "मगे! माका ठाऊक आसा."

चार वाजता पोरं आली. गौरवी सगळ्यांत पुढे. तिने वर पाहिलं आणि ती हसलीच. "हे? हा भोपळा आहे."

"हो," तनया म्हणाली. "खरं कृष्णविवर कुणी आणू शकत नाही. पण ते काय करतं ते दाखवते. स्टुलावर चढ. ही सुपारी धर. आपली पृथ्वी दाबून दाबून एवढीशी केली ना, तर तिचंही कृष्णविवर होईल."

"एवढीशी? मोपा, पार्से, समुद्र, सगळं धरून?"

"सगळं धरून."

गौरवीने सुपारी बोटांत फिरवून पाहिली, जणू आत कुणी आहे का बघतेय. मग फास अडकवून सोडला. वाड्यावरची सगळी पोरं माना वर करून बघत होती. सुपारी सरकली, वेगात गेली, टुक!

"आईशप्पथ," गौरवी म्हणाली. मग खाली न उतरता, "आणि आत काय असतं?"

"ते कुणालाच माहीत नाही," तनया म्हणाली, आणि हे सांगताना ती इतकी खूश दिसली की मला हसू फुटलं. "मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनापण नाही!"

"कुणालाच?"

"कुणालाच!"

"परत," गौरवी म्हणाली. "आता चिबूड लावूया. चिबूड जोरात जाईल?"

"आता मी!" "नाय, मी!" एकच गलका झाला. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगो, देवाच्या माटोळीचो खेळ करतत काय?" आणि स्वतःच दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. धाकूकाका सुपाऱ्यांना फास करून द्यायला बसले.

मी इतका वेळ भोपळ्याखाली दोन्ही हात पसरून उभी होते, पडला तर झेलायला. माझ्या लक्षात आलं, हातात सुपारी आहे. कुणी दिली कळलं नाही. मी पोरांच्या रांगेत शिरले.

"आई, तुझा नंबर गौरवीनंतर," तनया म्हणाली.